एक जूनचा जन्म

२०२५ सालच्या दिव्यांच्या अवसेची गोष्ट. त्या दिवशी घरातील समया, निरांजने, लामणदिवा, जे जे म्हणून दिवे आहेत ते चिंच लावून घासावयाचे, पाटावर मांडावयाचे आणि कणकेचे दिवे करून त्यांची पूजा करावयाची, ही चाल आमच्या नगरच्या घरी अद्याप चालू आहे. माजघरात बायकामंडळींची ती गडबड चालली असता आमच्या धाकट्या बंधूंची कन्या मात्र ओटीच्या पायरीवर हातातील फोनकडे पाहत स्वस्थ बसली होती. आम्ही विचारले, ‘का ग, आज तुझी ती सोडत बंद होणार ना? नाव घातलेस?’ ती म्हणाली, ‘नाही, मोठे काका. मला आता घालता येत नाही. कागदावर मी एकतिसावे पुरे केले आहे.’

हे वाक्य तिने रागाने उच्चारले नाही. तथापि ते ऐकून आमच्या मनाची जी अवस्था झाली, ती वाचकांस कळावी एवढ्याकरिता प्रथम त्या सोडतीची हकीकत सांगणे भाग आहे. शिवाय पुष्कळ घरांतून हल्ली हा विषय निघतो, आणि वडील मंडळींस त्याची धड माहिती नसल्यामुळे नुसते वाद माजतात. म्हणून ती थोडी विस्ताराने देतो.

परदेशी जाण्याचे मार्ग आमच्या पिढीस दोनच ठाऊक होते. एक विद्येसाठी, दुसरा नोकरीसाठी. अलीकडे तिसरा निघाला आहे. तरुण माणसाने एकदोन वर्षांकरिता परमुलखात जावे, तो देश हिंडून पाहावा, आणि राहण्याजेवण्याचा खर्च भागावा म्हणून तेथे मिळेल ते काम करावे, अशी ही परवानगी असते. ऑस्ट्रेलियाने ही पद्धत १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा या देशांतील तरुणांसाठी सुरू केली. हिंदुस्थानातील तरुणांस मात्र ते दार फार उशिरा उघडले. दोन्ही देशांमध्ये २ एप्रिल २०२२ रोजी व्यापारी करार झाला, तो त्याच वर्षी २९ डिसेंबरास अमलात आला, आणि त्यातील वचनानुसार २०२४ च्या सप्टेंबरापासून वर्षाकाठी १,००० हिंदी तरुणांस ही परवानगी मिळू लागली. वय १८ ते ३० पाहिजे. शालान्त परीक्षांनंतर निदान दोन वर्षांचे शिक्षण झालेले पाहिजे. प्रारंभीच्या खर्चास सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर गाठीस असावे लागतात. मुदत एक वर्षाची. एका धन्याकडे सहसा सहा महिन्यांहून अधिक काळ राहता येत नाही. ग्रामीण भागात ठरावीक प्रकारचे काम तीन महिने केले, तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो.

ब्रिटनची गोष्ट थोडी निराळी. राष्ट्रकुलातील तरुणांकरिता तेथे पूर्वी अशीच एक सवलत होती, तिचा लाभ हिंदी माणसासही मिळे. ती २००८ साली बंद झाली. पुढे ४ मे २०२१ च्या करारान्वये, २८ फेब्रुवारी २०२३ पासून, खास हिंदी तरुणांसाठी नवी योजना सुरू झाली. तिच्यात वर्षाला ३,००० जागा आहेत. पदवीधर असावे, वय १८ ते ३० असावे, पदरी अज्ञान मुले नसावीत आणि २,५३० पौंड स्वतःच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असावेत, अशा तिच्या अटी आहेत. मुदत दोन वर्षांची.

दोन्हीकडे जागा थोड्या आणि इच्छुक अफाट, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चिठ्ठ्या निघतात. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्याच सोडतीत, २०२४ च्या ऑक्टोबरात, पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ४०,००० जणांनी नावे घातली होती. म्हणजे चाळिसांमागे एक! विद्वत्ता, वशिला, घराणे, यांपैकी कशाचाही तेथे उपयोग नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाइतकीच ही वाटणी निःपक्षपाती आहे. फरक इतकाच की प्रसाद सर्वांस पुरतो.

आमची पुतणी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पदवीधर आहे आणि पुण्यास एका फळे परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी करते. तिने ही गोष्ट घरात काढली तेव्हा जे व्हावयाचे ते झाले. आमच्या मातोश्री म्हणाल्या, ‘सुट्टी घ्यायची तर सुट्टी घ्यावी, काम करायचे तर काम करावे. दोन्ही एकदम म्हणजे उपासाच्या दिवशी पुरणपोळी.’ धाकट्या भावजयीचे म्हणणे असे की, तिशी आली, आता स्थळे पाहावयाची की देश पाहावयाचे? बंधूंस निराळाच सल होता. पदवीधर मुलीने परक्याच्या बागेत फळे तोडावीत किंवा खाणावळीत बशा विसळाव्यात, हे त्यांच्या मनास रुचेना.

आम्ही त्या वेळी मुलीचा पक्ष घेतला. तो का घेतला, हे सांगतो. देशाटनाची थोरवी सांगणारी सुभाषिते आम्ही उभा जन्म पोरांकडून घोकून घेतली. घरच्या पोरीने ती खरी मानली, तर आता तिला अडवावयाचे कोणत्या तोंडाने? कामाच्या कमीपणाविषयी म्हणावे, तर आमचे वडील माधुकरी मागून आणि सात घरी वार लावून शिकले. ज्या घरी जेवावयाचे त्या घरचे पाणी भरावयाचे आणि पूजेची उपकरणी घासावयाची, हा शिरस्ता होता. त्यात कोणास लाज वाटली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र देऊन हजारो मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर खोरे दिले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आमच्याच जिल्ह्यात आहेत. आणि फळे तोडण्याचे म्हणाल, तर दरसाल दसऱ्यानंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे कोयता घेऊन ऊस तोडावयास साखर कारखान्यांवर जातात. त्यांच्या तोडलेल्या उसाची साखर आपण देवास दाखवितो. मग तोडणारा हात आपल्या घरचा असला म्हणजे तेवढ्याने काम हलके कसे ठरते? हात कोणाचा, याहून मजुरी चोख मिळते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील फळबागांतून तोडणीच्या वजनावर मजुरी देऊन परक्या पोरांची पिळवणूक होते, अशी ओरड पुष्कळ वर्षे होती. म्हणून २०२२ च्या एप्रिलपासून तेथे अशा मजुरासही तासाप्रमाणे किमान वेतनाची हमी आहे. कायदा झाला म्हणजे लबाडी संपली असे नव्हे. परंतु जाणाऱ्याने तो ठाऊक करून घेऊन जावे.

समुद्र ओलांडण्याचा धाक तर केव्हाच ओसरला. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठराच होते. परत येणाऱ्यास प्रायश्चित्त द्यावे की नाही, यावर त्या काळी पंडितांचे फड रंगत. आमच्याच पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांस पुढे लोक सेनापती म्हणू लागले, ते शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोस गेले, आणि तेथे इंग्रजी सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती घालवून बसले. पारनेरसारख्या कोरड्या तालुक्यातून त्या काळी माणूस तेथवर जातो, मग आज पुण्याहून विमानाने जाण्यास घराने एवढे का बिचकावे? आम्ही पुतणीस विचारले, ‘तुला तेथे पाहावयाचे तरी काय?’ तिने उत्तर दिले, ‘मी येथे द्राक्षांच्या पेट्या भरून पाठविते, काका. त्या तिकडे कोण उघडतो, त्यातली किती फेकतो आणि का फेकतो, हे मला एकदा डोळ्यांनी पाहावयाचे आहे.’ या उत्तराने बंधूंचा विरोध निम्मा ओसरला. उरलेला निम्मा भावजयीने, ‘दोन वर्षे म्हणजे दोनच,’ असे वचन घेऊन सोडला.

मग कागद जुळविण्याचे काम आमच्याकडे आले, कारण निवृत्त शिक्षकास दुसरा उद्योग नसतो अशी घरातील समजूत आहे. पारपत्र तिने नोकरी लागली तेव्हाच काढून ठेवले होते. त्यावर जन्मस्थळ अहमदनगर असे आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा आता ते चालेल की नाही अशी आमच्या मातोश्रींस काळजी लागली. जन्माच्या वेळी गावाचे जे नाव होते ते लिहिले म्हणून काही बिघडत नाही, हे त्यांस पटविण्यात एक दुपार गेली. नावाची भानगड याहून मोठी. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे व आडनाव असे तिपेडी नाव असते. शाळेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, आणि पॅनच्या कागदावर वडिलांच्या नावाचे नुसते अक्षर. परदेशी कचेरीतील कारकुनास ही तीन निरनिराळी माणसे वाटण्याचा संभव असतो. आम्ही सर्व कागद शेजारी शेजारी मांडून एकेक अक्षर ताडून पाहिले. नावे जुळली. तारीख आम्ही ताडून पाहिली नाही, कारण ती सर्व कागदांवर एकच होती, हे आम्हांस पुरेपूर ठाऊक होते. १ जून १९९४.

पैशांचा हिशेबही केला. ब्रिटनसाठी २०२५ च्या एप्रिलपासून अर्जाचे ३१९ पौंड, शिवाय तेथील दवाखान्यांचा आकार दरसाल ७७६ पौंड, तो दोन वर्षांचा आगाऊ भरावयाचा. म्हणजे अर्जाबरोबरच १,८७१ पौंड, आपले दोन लाख रुपये, निघून जातात. खात्यात दाखवावयाची रक्कम पावणेतीन लाखांच्या वर, आणि विमानाचे भाडे निराळे. क्षयरोग नसल्याचा दाखला नेमलेल्या दवाखान्यातून आणावा लागतो. मात्र ब्रिटनच्या सोडतीत नाव घालण्यास एक पैही पडत नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या सोडतीस २५ डॉलर पडतात, ते परत मिळत नाहीत. म्हणून ‘पन्नास हजार द्या, सोडतीत नाव काढून देतो,’ असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्यास पाणी विचारावे आणि वाटेस लावावे. चिठ्ठी काढणारास आपले नाव ठाऊक नसते. मग मध्यस्थ विकतो ते काय?

२०२४ च्या ऑक्टोबरात तिने ऑस्ट्रेलियासाठी नाव घातले. निघाले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनसाठी घातले. निघाले नाही. पुढची ब्रिटनची सोडत जुलैत, २२ ते २४ तारखांस, दोनच दिवस उघडी. आणि १ जून रोजी कागदावरील तिचे एकतिसावे वर्ष पुरे झाले होते.

आता मूळ गोष्ट सांगतो. आमची पुतणी १ जूनला जन्मली नाही. ती १९९४ च्या नोव्हेंबरात जन्मली. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हावयाचे होते, हे घरातील सर्वांस स्मरते. १९९९ च्या जूनमध्ये आमचा मुलगा पहिलीत जावयाचा होता. तोही १९९४ चाच, पण चैत्रातला. त्याची पाच वर्षे भरली होती, हिची भरावयास पाच महिने कमी होते. दोघे एका ताटात जेवणारी पोरे. तो दप्तर घेऊन निघाला की ही दाराशी लोळण घेई. शाळा आमची, जनरल रजिस्टर आमच्या हाती. आम्ही बंधूंस म्हटले, ‘एवढ्यासाठी पोरीचे वर्ष कशाला घालवितोस?’ आणि टाक उचलून तिच्या नावापुढे १ जून लिहून टाकले. पाच वर्षे बरोबर पुरी!

यात आम्ही काही विशेष केले असे त्या वेळी आम्हांस वाटले नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीत जाऊन पाहा. एक जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्यास वाटावे की या मुलखात मे अखेरच्या रात्री काही दैवी चमत्कार होतो. तो चमत्कार आम्हां शिक्षकांचा. खेड्यातला बाप मुलास घेऊन येई, ‘जन्म कधीचा?’ म्हटले की ‘पोळ्याच्या आसपास’ किंवा ‘दुष्काळानंतरच्या साली’ असे सांगे, आणि मास्तर आपल्या सोयीने शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकी. तेथे निदान खरी तारीख ठाऊक नसल्याची सबब होती. आमच्याजवळ तीही नव्हती. पुतणीचा जन्म झाला त्या रात्री आम्ही स्वतः घड्याळ पाहून वेळ टिपली होती. पत्रिका त्याच वेळेवरून केलेली आहे. विवाहाच्या बाजारात दाखवावयाचा कागद आम्ही पळापळाचा हिशेब करून खरा ठेवला, आणि सरकारदरबारी जन्मभर दाखवावयाचा कागद खोटा लिहिला!

त्या तारखेवरून दहावीचे प्रमाणपत्र झाले, त्यावरून पॅन, त्यावरून पारपत्र. पाच महिन्यांचा तो फरक सव्वीस वर्षे मुकाट्याने झोपून राहिला आणि ज्या एका दिवशी त्याची किंमत होती त्या दिवशी जागा झाला. खऱ्या हिशेबाने ती जुलैत तीस वर्षांचीच होती. एक सोडत तिच्या हक्काची होती. ती आमच्या अक्षराने गेली. चिठ्ठी निघालीच असती असे नव्हे. परंतु हे समाधान तिने मानावयाचे आहे. आम्हांस ते मानण्याचा अधिकार नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर जमलेल्यांपैकी एका हितचिंतकांनी उपाय सुचविला. नगरपालिकेकडे जन्माची नोंद असेल, तिचा उतारा काढा, तारीख फिरवून घ्या, नवे पारपत्र करा. नोंद खरीच होती. परंतु शाळा सोडल्यावर दाखल्यावरील जन्मतारीख बदलणे ही अत्यंत बिकट गोष्ट. बोर्डाचे प्रमाणपत्र, पदवी, पॅन, पारपत्र, सर्वांची साखळी उलगडावयाची. आणि वयाची मर्यादा उलटून गेल्यावर महिन्याभरात जो तारीख बदलून येतो, त्याच्या खऱ्यावर तरी कोण विश्वास ठेवील? दुसऱ्या एकांनी हळूच सांगितले की, असे कागद ‘लवकर’ करून देणारे लोक असतात. यावर आम्ही काही बोलण्यापूर्वीच पुतणी उठली. म्हणाली, ‘मोठ्या काकांनी एकदा लिहिले ते मला शाळेत लवकर जाता यावे म्हणून. मी आता लिहवून घेतले, तर ते कशासाठी म्हणून सांगू?’

आम्ही तिची क्षमा मागितली. पुतणीपुढे हात जोडावयाचे म्हणजे आमच्या घरात अघटित गोष्ट. मातोश्रींनी तोंड फिरवून घेतले. पुतणी म्हणाली, ‘काका, मी त्या वर्षी शाळेत गेले नसते, तर रडून घर डोक्यावर घेतले असते. तुम्ही मला वर्ष दिलेत आणि एक सोडत घेतलीत. हिशेब अगदीच वाईट नाही.’ मग ती आत गेली आणि कणकेच्या दिव्यांत तूप घालू लागली. हे तिचे औदार्य. त्याने आमचे लिहिलेले पुसले जात नाही.

हे आम्ही येथे का लिहितो? आमचे वाचक सुशिक्षित आहेत, एकत्र कुटुंबांत राहणारे आहेत, आणि अशा घरांतून मुलांच्या हिताचे निर्णय वडील माणसे ओटीवर बसून झटपट घेतात. त्यांतील बहुतेक प्रेमापोटी घेतलेले असतात, आमचाही तसाच होता. परंतु मुलाच्या नावे आपण जो कागद करतो तो त्यास जन्मभर वागवावा लागतो, आणि तो कोणत्या दारी, कोणत्या देशी, कोणत्या वयात उघडला जाईल हे आपणांस सांगता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे पारपत्र काढताना जन्मतारखेस जन्मदाखलाच लागतो. शाळेचा दाखला त्या कामी चालत नाही. म्हणजे आमच्यासारख्या मास्तरांच्या टाकाची सत्ता सरकारनेच काढून घेतली, हे उत्तम झाले. तथापि त्याआधी जन्मलेली मुले आज घरोघरी आहेत. त्यांच्या वडील मंडळींस आमची विनंती अशी की, येत्या रविवारी कपाटातील पेटी काढावी. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, सर्व शेजारी शेजारी मांडावे. आणि फरक दिसला तर मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्यावा. त्या वेळी तो एका अर्जाचा प्रश्न असतो. पुढे तो नशिबाचा होतो.

आमच्या मुलास मुलगा आहे. त्याचा जन्म जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला, त्यामुळे पहिलीसाठी त्याचे वय ठरलेल्या दिवशी भरण्यास थोडे दिवस कमी पडतात. शेजारचा त्याचा सवंगडी शाळेत जाणार आणि हा राहणार, म्हणून परवा त्याने दाराशी लोळण घेतली. सूनबाई काकुळतीने म्हणाल्या, ‘मामंजी, तुमची शाळेत ओळख आहे.’ पुतणी त्या दिवशी पुण्याहून आली होती. ती आमच्याकडे पाहत होती. आम्ही नातवास उचलून घेतले आणि सांगितले, ‘पुढल्या वर्षी, बाळ. तोवर मुळाक्षरे आपण ओटीवर गिरवू.’

तो अजून रुसलेला आहे. पाटी मात्र रोज घेऊन येतो.